जर्मनच्या वर्गात रस्त्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जर्मन शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही भरपूर. त्यामुळे गूगल स्ट्रीट व्ह्यूवरचे (म्हणजे गूगल मॅप्सच्या, आत शिरून फिरता येणाऱ्या फोटोंमधले) रस्ते वर्गात कसे वापरायचे, हे विचारणारेही भरपूर. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक जर्मनची आहेत. जपानी-फ्रेंचवाल्यांसाठी प्रश्न १५ आणि परदेशातल्या मराठी शाळांसाठी प्रश्न १६ पहा.

१. म्हणजे नेमकं करायचं काय? मुलांना बर्लिन दाखवायचं, एवढंच ना?

एवढंच असेल तर नका करू. बर्लिन दाखवायला यूट्यूबवर तास-तासभराचे चालत फिरण्याचे व्हिडिओ आहेत आणि ते जास्त देखणे आहेत. स्ट्रीट व्ह्यूमध्ये कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे बघणारा ठरवतो. दोन मुलं एकाच चौकात 'उभी' राहून वेगवेगळ्या बाजूंना बघू शकतात. एकीला दिसतंय ते दुसरीला दिसत नसेल, तरच एकमेकींशी बोलायला कारण उरतं. सगळ्या वर्गाने एकाच पडद्याकडे बघायचं आणि बाईंनी "ही पहा बेकरी" म्हणायचं, यात कुणी कुणाला काही सांगायची गरजच पडत नाही.

माझा निकष एकच आहे. उत्तर फोटोत आहे, पण विचारणाऱ्याला तो फोटो दिसत नाही, असा प्रश्न सापडला की तास तयार.

२. सुरुवात कुठून करू? तो पिवळा बाहुला कुठे असतो, इथपासून सांगा.

कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा. उजवीकडे खाली छोटा पिवळा बाहुला दिसेल. त्याला माऊसने उचललं की ज्या रस्त्यांचे फोटो आहेत ते निळे होतात. निळ्या रेषेवर त्याला सोडलं की तुम्ही रस्त्यावर. सुटे निळे ठिपके दिसतात ते कुणीतरी एका जागी काढून टाकलेले गोलाकार फोटो असतात. त्यांतून पुढे चालता येत नाही, म्हणून वर्गासाठी रेषाच निवडा. फोनवर नकाशाच्या थरांमध्ये 'स्ट्रीट व्ह्यू' चालू करता येतं. नुसतं बघायला खातं किंवा लॉगिन लागत नाही, शाळकरी मुलांच्या बाबतीत ही मोठी सोय.

हवी ती जागा सापडली की लगेच तिची लिंक जपून ठेवा. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशाही लिंकमध्ये साठवली जाते, त्यामुळे सगळी मुलं एकाच दृश्यापासून सुरू करतात. वर्ग समोर बसलेला असताना नकाशावर "काल कुठे होतो बरं आपण" असं शोधत बसण्यासारखं लाजिरवाणं काही नाही.

३. ए-१ च्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या मुलांना धड वाक्य येत नाही. त्यांना हे झेपेल?

झेपेल, काम त्यांच्या मापाचं द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडे आणि रंग आलेले असतात. मग घरांचे क्रमांक वाचायचे, दारांचे रंग सांगायचे, 'एस गिब्ट' (आहे, असतं) लावून काय काय दिसतंय ते सांगायचं. त्यापुढच्या ए-२ पातळीला रस्ता सांगणं आणि भूतकाळ. बी-१ ला अंदाज: इथे कोण राहत असेल, आज वार कोणता असेल, कशावरून? आकाशाचा रंग आणि बंद दुकानं बघून रविवार ओळखणारी मुलं 'फीलाइष्ट' (कदाचित) आणि 'वारशाइनलिष' (बहुधा) हे शब्द न सांगता वापरतात. बी-२ साठी प्रश्न १० पहा.

४. एक अख्खा तास कसा घेता ते सविस्तर सांगाल का?

आधी साधा, राहत्या वस्तीतला चौक शोधायचा. ब्रांडनबुर्ग गेट वगैरे नको, तिथे सांगण्यासारखं एकच असतं. बेकरी, औषधाचं दुकान, बसथांबा, एखादी शाळा किंवा चर्च आणि थोडी दुरुस्ती चाललेली असली तर उत्तम.

मुलांच्या जोड्या करून पाठीला पाठ लावून बसवायचं. एकीच्या हातात फोन, दुसरीच्या हातात कागद. कागदावर फक्त चौकाच्या चार रेषा. कागदवालीने विचारायचं, फोनवालीने उत्तर द्यायचं, कागदवालीने काढत जायचं. पहिली दहा मिनिटं फळ्यावर 'नेबन' (शेजारी), 'गेगेनयूबर' (समोर), 'त्स्विशन' (मध्ये), 'आन डेर एके' (कोपऱ्यावर) एवढी शिदोरी देते, त्याहून जास्त नाही.

मग खरी गंमत सुरू होते. "वो इस्ट डी आपोथेके?" "नेबन डेर बेकेराय." "लिंक्स ओडर रेष्ट्स?" "लिंक्स." (औषधाचं दुकान कुठे? बेकरीशेजारी. डावीकडे की उजवीकडे? डावीकडे.) कागदवाली डावीकडे चौकोन काढते. तेवढ्यात फोनवालीने बसथांबा शोधायला दृश्य फिरवलेलं असतं, आणि तिच्या पुढच्या 'लिंक्स'चा अर्थ बदललेला असतो. दोन मिनिटांनी चित्रात बसथांबा चर्चच्या आत उभा राहतो आणि अस्सल मराठीत भांडण सुरू होतं: "अगं, तू मध्येच फिरवलंस का?" हे भांडण थांबवू नका. एक मिनिट होऊ द्या, मग तेच वाक्य जर्मनमध्ये हातात ठेवा: "हास्ट डू डिष गेड्रेट?" स्वतःला हवं असताना मिळालेलं वाक्य मुलं विसरत नाहीत. पुढच्या फेरीत "चर्चकडे तोंड करून उभी राहिलीस तर डावीकडे" असं सांगायची गरज त्यांना आपोआप कळलेली असते.

शेवटी चित्र आणि फोटो शेजारी ठेवून फरक सांगायचे. अदलाबदल करून दुसरा चौक घ्यायचा. चित्रकला वाईट असेल तर फारच बरं, बोलायला जास्त मिळतं.

५. वर्गात प्रोजेक्टर नाही आणि नेटही अडखळतं. मग?

प्रोजेक्टर नसलेलाच बरा, कारण प्रश्न १ मध्ये आहे. दोघांत एक फोन पुरतो. नेट कच्चं असेल तर तास सुरू व्हायच्या आधी स्टाफरूममध्येच लिंक उघडून, हव्या त्या जागी चार पावलं मागेपुढे फिरून घ्या. एकदा उतरलेली दृश्यं टॅब बंद करेपर्यंत बहुधा टिकतात. कामही एकाच जागेवर उभं राहून होईल असं आखा, कारण डेटा खातं ते चालणं. नेट अजिबातच नसेल तर छापील फोटो, पण त्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

६. स्क्रीनशॉट काढून, छापून मुलांना वाटले तर चालतात का?

स्ट्रीट व्ह्यूचे नाही. गूगलच्या नियमांत हे फोटो उतरवून त्यांच्या सेवेबाहेर, ऑफलाइन प्रत म्हणून वापरायला मनाई आहे. अनेक फोटो जोडून एक मोठं चित्र करायलाही मनाई आहे. लिंक देणं, वेबपानावर जसंच्या तसं बसवणं, थेट उघडून दाखवणं हे चालतं. "शाळेसाठी कोण विचारतंय" हे उत्तर मी खूपदा ऐकलं आहे, पण मुलांना एकीकडे कॉपी करू नका म्हणायचं आणि दुसरीकडे हे करायचं, जमत नाही.

छपाईसाठी मॅपिलरी वापरा. ही मूळची स्वीडिश सेवा, २०२० मध्ये फेसबुकने घेतली. लोकांनी गाडीतून, सायकलवरून, चालत काढलेले रस्त्यांचे फोटो त्यावर असतात आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. फोटोखाली श्रेय द्यायचं, आणि त्यात बदल करून पुढे वाटला तर त्याच परवान्याखाली. विकिमीडिया कॉमन्सवरही दुकानं, पाट्या, चौक यांचा साठा मोठा आहे. तिथे परवाना फोटोगणिक बदलतो, तेवढा वाचून घ्या.

७. जर्मनीतलं गाव कसं निवडायचं? दोन-चार वर्षांपूर्वी शोधलं तेव्हा अर्धा जर्मनी कोराच होता.

बरोबर आठवतंय तुम्हाला. गूगलने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतली वीस मोठी शहरं दाखवायला सुरुवात केली. त्याआधी बव्हेरियातलं ओबरश्टाउफन हे गाव आलं. तिथल्या लोकांनी केक करून गूगलला आमंत्रणच दिलं होतं. पण बाकी देशात खासगीपणावरून एवढा गदारोळ झाला की २०११ मध्ये कंपनीने नवे फोटो टाकणं थांबवलं. बारा वर्षं तसंच राहिलं. २०२३ च्या जुलैमध्ये नवे फोटो यायला लागले आणि आता लहान गावांतूनही फिरता येतं. त्यामुळे जुन्या शिक्षकांच्या टिपणांत 'जर्मनसाठी व्हिएन्ना किंवा झुरिक वापरा' असं सापडेल. त्याचं कारण हे.

निवडताना मी उत्तरेचं एक, दक्षिणेचं एक आणि ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडचं एक अशी तीन घेते. खाटकाच्या दुकानाची पाटी शोधायला सांगा. दक्षिणेत 'मेट्सगेराय', पूर्वेकडे 'फ्लायशेराय', उत्तर किनाऱ्याकडे 'श्लाख्टेराय', व्हिएन्नाच्या बाजूला 'फ्लायशहाउअर'. सुताराचं तसंच: उत्तरेत 'टिशलेराय', दक्षिणेत 'श्रायनेराय'. पुस्तकात हे एका चौकटीत उरकलेलं असतं. मुलांनी स्वतः पाच गावांतून शोधून नकाशावर टाचण्या लावल्या की जर्मनी एकसारखी नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. झुरिकमध्ये रस्त्याच्या नावाची पाटी मोठी करून बघायला सांगा: 'श्ट्रासे' या शब्दात जर्मनीत दिसणारं एस्त्सेट (ß) हे अक्षर स्वित्झर्लंडमध्ये नाही, तिथे सरळ दोन एस असतात. शुद्धलेखनात यावरून गुण गेलेल्या मुलांना हे बघून भारी आनंद होतो.

८. मध्येच एखादी अख्खी इमारत धूसर दिसते. नेट गेलं का?

नाही, घरमालकाने किंवा भाडेकरूने तशी मागणी केलेली असते. माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरपाट्या सगळ्या देशांत आपोआप धूसर होतात. कधीकधी जाहिरातीतले आणि पुतळ्यांचे चेहरेही त्यात सापडतात. पण घर धूसर करून मागण्याचं प्रमाण जर्मनीत फार मोठं होतं. २०१० मध्ये त्या वीस शहरांतून सुमारे २ लाख ४४ हजार अर्ज आले. २०२३ च्या नव्या फोटोंसाठी ते जुने अर्ज लागू झाले नाहीत, पुन्हा करावे लागले, म्हणून आता धूसर घरं पूर्वीपेक्षा कमी दिसतात.

हा अडथळा मानू नका. बी-१ च्या वर्गात धूसर घर हाच विषय: तुमच्या सोसायटीचा फोटो असा जगभर दिसला तर चालेल का? आपली मुलं आधी "त्यात काय एवढं" म्हणतात. मग गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा विषय निघतो आणि मतं बदलतात.

९. पाट्या वाचताच येत नाहीत, झूम केलं की सगळं फाटतं.

वाचता येतील अशाच पाट्यांवर काम आखा. गाडीवाल्यांसाठी केलेली अक्षरं गाडीवरच्या कॅमेऱ्यालाही वाचता येतात: गावाच्या वेशीवरची पिवळी पाटी, 'उमलायटुंग' म्हणजे वळणरस्ता, पार्किंगच्या वेळा, रस्त्यांची नावं, दुकानांच्या वरच्या मोठ्या पाट्या. औषधाच्या दुकानाचं लाल, जुन्या वळणाचं मोठं 'आ' (A) तर लांबूनही ओळखू येतं. दारावर चिकटवलेली 'आजारपणामुळे बंद' अशी चिठ्ठी मात्र विसरा. झूम करण्याआधी एक पाऊल पुढे-मागे जाऊन बघा, पुष्कळदा पुढच्याच फोटोत पाटी सरळ समोर येते. तरी नाही जमलं तर कॉमन्सवरचा फोटो (प्रश्न ६).

१०. व्याकरण यातून शिकवता येतं, की ही नुसती मौजमजा?

येतं. माझ्या मते 'वो' (कुठे आहे) आणि 'वोहिन' (कुठे जायचं) यांचा गोंधळ सोडवायला याहून चांगलं साधन नाही. स्ट्रीट व्ह्यूमध्ये दोनच गोष्टी होतात: तुम्ही एका जागी थांबता किंवा बाणावर टिचकी मारून पुढे जाता. थांबलात की डाटिफ ही विभक्ती, टिचकी मारून कशात तरी शिरलात की आक्कूसाटिफ ही दुसरी. 'इष बिन इन डेर गार्टनश्ट्रासे', टिचकी, 'इष गेहे इन डी बानहोफश्ट्रासे'. मुलं टिचकी मारताना मोठ्याने वाक्य म्हणतात आणि आठवड्याभरात बोटाला व्याकरण कळायला लागतं.

पण हुशार मुलं इथेच अडवतात, म्हणून तयारीत राहा. 'आन डेर किर्शे फोरबाय', म्हणजे चर्चवरून पुढे, यात तर चाललोय, मग डाटिफ कसा? कारण चर्च हे जाण्याचं ठिकाण नाही, नुसतं वाटेत लागलं. 'दुर्श' घेऊन उद्यानातून गेलात तर कायम आक्कूसाटिफ. 'एंटलांग' (-च्या कडेने) नामाच्या मागे आला तर बहुधा आक्कूसाटिफ. 'गेगेनयूबर'ला हालचालीशी देणंघेणं नाही, कायम डाटिफ. वर तो नामाच्या मागेही येऊ शकतो. आपल्याला 'चर्चसमोर' म्हणायची सवय असल्याने मराठी मुलांना ते अजिबात विचित्र वाटत नाही.

पाट्यांमधलं आज्ञार्थाचं व्याकरण वेगळंच. 'आइनफार्ट फ्रायहाल्टन' (प्रवेशमार्ग मोकळा ठेवणे) यात कर्ता नाही, आज्ञार्थ नाही, नुसतं क्रियापदाचं मूळ रूप आहे. 'गाड्या लावू नयेत' असं लिहिताना आपणही कुणाला उद्देशून बोलत नाहीच. बांधकामाच्या कुंपणावर हमखास सापडणारी पाटी म्हणजे 'एल्टर्न हाफ्टन फ्यूर इहरे किंडर', मुलांची जबाबदारी आईबापांवर. क्रियापदाबरोबर ठरलेलं शब्दयोगी येतं हा कंटाळवाणा धडा मी या एका पाटीवर उरकते. बी-२ ला तिच्यावर वादही घालता येतो: अशी पाटी लावली की मालक खरंच मोकळा होतो का?

११. अर्ध्या पाट्या इंग्रजीत, काही अरबीत नाहीतर तुर्कीत. अशाने मुलं जर्मन काय शिकणार?

जर्मनीत आज काय लिहिलेलं दिसतं, ते शिकणार. बर्लिनच्या झोनेनआलेवर अरबी पाट्यांची दुकानं रांगेने आहेत. तिकडे नेऊन, कोणती माहिती कोणत्या भाषेत दिली आहे ते नोंदवायला सांगा: दुकानाचं नाव, वेळा, 'इथे गाडी लावू नका'. सूचना बहुधा जर्मनमध्ये आणि भुरळ घालणारी पाटी दुसऱ्या भाषेत असं काही दिसतं का, हे मुलांनी मोजून सांगायचं.

याच्या जोडीला बाउट्सेन घ्या. पूर्व जर्मनीतल्या या गावात रस्त्यांची नावं जर्मन आणि सोर्बियन या स्लाव्ह भाषेत, दोन्हींत असतात. इटलीतल्या बोल्झानोमध्ये इटालियन-जर्मन, स्वित्झर्लंडमधल्या बीलमध्ये जर्मन-फ्रेंच. बेळगाव-निपाणीकडून आलेली मुलं वर्गात असतील तर या तासाला शिक्षकाने गप्प बसावं, तीच बोलतात.

१२. मी दाखवलं तिथे बेकरी होती, एका मुलाने शोधलं तर ती बंद झालेली. फोटो जुना निघाला.

प्रत्येक फोटोवर महिना आणि साल असतं, ते वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावा. 'आज इथे काय आहे' असं न विचारता 'त्या ऑगस्टमध्ये इथे काय होतं' असं विचारा.

जुने थर मुद्दाम वापरताही येतात. २०१४ पासून स्ट्रीट व्ह्यूमध्ये एकाच जागेचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बघायची सोय आहे. 'फ्र्यूअर वार हिअर आइन किनो', पूर्वी इथे थिएटर होतं, या जातीची वाक्यं मग खोटी खोटी रचावी लागत नाहीत. प्रश्न ७ मधल्या इतिहासामुळे जर्मनीत थर फार नाहीत. झुरिकमध्ये जास्त मिळतात.

१३. मुलं पाटीवर कॅमेरा धरतात, फोन भाषांतर करून देतो. काय उपयोग?

'या पाटीचा अर्थ काय' हा प्रश्न विचारलात तर फोनच उत्तर देणार, त्यात मुलांचा दोष नाही. असं विचारा: तुमची गाडी मंगळवारी संध्याकाळी सातला इथे उभी आहे, दंड होईल का? पाटी एक, बाण दोन, खाली वेळा, आणखी खाली 'आन्लीगर फ्राय' म्हणजे इथल्या रहिवाशांना आणि इथे काम असणाऱ्यांना मुभा. भाषांतर हातात आलं तरी डोकं लावावंच लागतं, आणि ते लावताना वर्गात जर्मन बोलली जाते.

१४. जिओगेसर खेळायला दिला तर?

महिन्यातून एकदा, शेवटच्या वीस मिनिटांत जरूर. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला हा खेळ तुम्हाला कुठल्याही रस्त्यावर नेऊन सोडतो आणि जागा ओळखायला लावतो. पूर्ण वापराला आता पैसे लागतात. पण त्याची गरज नाही, तुम्हीच पाच लिंका तयार केल्या की झालं. फोनवर जागेचं नाव वर दिसतं, तेवढं झाका. खेळाचा नियम एकच: अंदाज सांगताना 'वाइल' (कारण) लावून कारण द्यायचं आणि क्रियापद शेवटी नेलं तरच गुण.

१५. आमचा वर्ग जपानीचा / फ्रेंचचा आहे. यातलं काय उपयोगी पडेल?

प्रश्न ४ ची कृती कुठल्याही भाषेत चालते. जपानीत तर ती जास्त रंगते, कारण तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता विभाग, गट आणि घर अशा आकड्यांनी सांगतात. 'दुसऱ्या रस्त्याला डावीकडे' याऐवजी 'त्या दुकानाच्या कोपऱ्यावरून आत' असंच सांगावं लागतं, आणि आपल्या मुलांना पत्ता सांगायची तीच पद्धत येते. रस्त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं 'तोमारे', म्हणजे थांबा, हे कांजी आणि हिरागाना या जपानी लिप्यांच्या पहिल्या वाचनासाठी छान. एक माहिती: कुंपणांवरून घरात डोकावलं जातं अशी तक्रार आल्यामुळे २००९ मध्ये गूगलने जपानमधल्या गाड्यांवरचे कॅमेरे ४० सेंटिमीटर खाली घेतले.

फ्रेंचवाल्यांनी पॅरिसच्या निळ्या पाट्या वापराव्यात. वर प्रभागाचा आकडा, खाली रस्त्याचं नाव आणि पुष्कळदा ते नाव कुणाचं, जन्म-मृत्यूची वर्षं, व्यवसाय. भूतकाळ आणि ओळख करून देणं एकाच पाटीत बसतं. जुन्या भिंतींवर 'देफाँस दाफिशे' आणि पुढे २९ जुलै १८८१ च्या कायद्याचा उल्लेख सापडेल: जाहिराती चिकटवू नयेत. १८०५ पासून पॅरिसच्या घरांचे क्रमांक सेन नदीवरून ठरतात. नदीला काटकोनात असलेल्या रस्त्यावर ते नदीपाशी सुरू होतात, समांतर रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेने वाढतात. मुलांना नकाशा न दाखवता नुसत्या क्रमांकांवरून नदीपर्यंत पोहोचायला सांगा.

१६. आम्ही अमेरिकेत रविवारची मराठी शाळा चालवतो. मुलांना महाराष्ट्र दाखवता येईल?

आता येईल. भारतात २०११ मध्ये बंगळुरूत काम सुरू होऊन पोलिसांच्या हरकतीने थांबलं होतं. जुलै २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या मदतीने दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू आलं, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर होतं.

शनिवारवाड्यापासून सुरू करू नका. सदाशिव पेठेतली नाहीतर दादरची साधी गल्ली घ्या. पिठाची गिरणी, अमृततुल्य, 'येथे फॉल-पिको करून मिळेल'. घरात आईबाबांकडून मराठी ऐकणाऱ्या मुलांना हे शब्द कानाला माहीत असतात, लिहिलेले कधी दिसलेले नसतात. बेस्टच्या बसवरचे देवनागरी आकडे ओळखायला लावा. 'करू नये', 'लावू नयेत' या पाट्या गोळा करायला लावा, त्यातलं 'नये'चं 'नयेत' कधी होतं ते मुलं स्वतः शोधतात.

मोठ्या मुलांसाठी एक काम मला फार आवडतं. २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिने मुदत दिली. स्ट्रीट व्ह्यूवरचा फोटो त्याआधीचा असेल, तर मुलाने मुंबईतल्या आजीला किंवा मामाला फोन करायचा: "मामा, त्या दुकानाची पाटी आता कशी आहे? जाऊन बघून सांगशील का?" मामा फोटो पाठवतो आणि मूल दोन्ही पाट्यांमधला फरक शाळेत सांगतं. हा फोन मराठीतूनच करायचा एवढी अट ठेवा. मामालाही ती सांगून ठेवा, कारण इंग्रजीवर आधी तोच घसरतो.

१७. मुलं स्वतःचं घर शोधत बसतात, रस्त्यावरच्या माणसांना हसतात. पालकांचीही तक्रार आली.

तीन नियम तासाआधी सांगायचे. स्वतःचं किंवा वर्गातल्या कुणाचं घर वर्गात शोधायचं नाही, कारण कोण कुठे राहतं हे सगळ्यांना कळावं असं प्रत्येकाला वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसाचं वर्णन कपडे, रंग, कृती इथपर्यंतच ठेवायचं; तो गरीब आहे, दारू प्यायलेला आहे असले अंदाज नाहीत. आणि काही खटकणारं दिसलं तर फोन उलटा ठेवून शिक्षकाला सांगायचं. पालकांना लिंका आधी पाठवल्या की बहुतेक तक्रारी येतच नाहीत.

भरकटण्यावर उपाय वेळ हाच आहे. सात मिनिटांचं काम दहा मिनिटांत द्या, पंधरा मिनिटांत नाही.

१८. परीक्षेला याचा काय फायदा? पालक हेच विचारतात.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए-१ तोंडी परीक्षेत एका भागात शब्दांच्या कार्डांवरून प्रश्न विचारायचे असतात, दुसऱ्यात चित्रांच्या कार्डांवरून विनंती करायची असते. समोर दिसणाऱ्या वस्तूवरून पटकन प्रश्न तयार करायची सवय दोन्हींकडे लागते, आणि प्रश्न ४ मधली कागदवाली तासभर तेच करत असते. लेखनासाठी मात्र याचा थेट फायदा सांगता येणार नाही, त्याची तयारी वेगळी करा.

१९. वर्गात एका मुलाला दिसत नाही. त्याला यात कसं घेऊ?

त्याला विचारणाऱ्याची जागा द्या. या कृतींमध्ये निम्म्या मुलांना फोटो दिसत नसतोच, ते विचारून विचारून चौक उभा करतात. त्याला कागदाऐवजी टेबलावर ठेवायला वस्तू द्या: पट्ट्यांचे रस्ते, खोडरबरची बेकरी, टोपणाचा बसथांबा. एक काळजी घ्या, त्याच्या जोडीदाराने "हे इथे, ते तिथे" असं हातवारे करत सांगायचं नाही, दिशा शब्दांतच सांगायच्या. मी ही अट आता सगळ्याच जोड्यांना घालते.